नीट न पुसलेला अंगठा

माझ्या पिशवीची झडती आयुष्यात तीन वेळा झाली. पोलिसांनी एकदाही घेतली नाही. ज्यांच्या घरी मी मरणाऱ्या माणसाची सेवा करायला गेले होते, त्याच लोकांनी घेतली. दोनदा काही सापडलं नाही, कारण काही नव्हतंच. तिसऱ्या वेळी जे शोधत होते ते माझ्या पर्समध्ये होतं, आणि पिशवी उलटी करणाऱ्याला पर्स उघडायचं सुचलं नाही. दिवाळीच्या अंकात चकली-चिवड्याच्या शेजारी असली गोष्ट कोण वाचणार, असं मी संपादकांना म्हटलं. ते म्हणाले, "सिस्टर, फराळ आटोपून वाचतील. मरायचं तर सगळ्यांनाच आहे." म्हणून लिहिते. नावं बदलली आहेत. ज्यांची गोष्ट आहे ते ओळखतीलच, आणि मी काय काय लिहिलंय ते शब्द शब्द तपासूनही पाहतील.

अंबाजोगाईच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी नर्स होते. वॉर्डात वीस वर्षं काढली आणि शेवटची अकरा वर्षं घरपोच सेवेत. घरपोच सेवा म्हटलं की लोकांना वाटतं, घरी जाऊन बीपी बघायचं आणि चहा पिऊन यायचं. आमचं काम वेगळं. ज्या दुखण्याला आता उपाय नाही असं सांगून मोठे डॉक्टर मोकळे झालेत, त्या माणसाला त्याच्या घरात सांभाळायचं. बरं करायचं नाही, फक्त दुखू द्यायचं नाही. कॅन्सरच्या जखमेला वास सुटतो, घरची माणसं नाक दाबतात आणि रोग्याला ते दिसतं. त्या जखमेवर कुठली गोळी कुटून टाकली की वास मरतो, हे आम्ही सुनेला शिकवायचो. कूस कशी बदलायची, सुकलेलं तोंड ओल्या फडक्यानं कसं पुसायचं, शेवटी घशात घरघर सुरू झाली तर घाबरून गाडी न बोलावता माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे सगळं शिकवायचो. सगळ्यांत अवघड शिकवण म्हणजे, खात नाही म्हणून तोंडात घास कोंबू नका. हे ऐकलं की म्हाताऱ्या बाया माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच त्यांच्या नवऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून नेली.

आमच्यावर संशय घेणं हे गावाचं पहिलं काम. "ती बाई आली की आठ दिवसांत माणूस जातो," असं केज तालुक्यात सर्रास बोललं जायचं. हिशेब बरोबरच होता, कारण माणसाचे आठच दिवस उरल्याशिवाय आम्हाला कोणी बोलवायचंच नाही. आमचे ड्रायव्हर गफूरभाई, आधी मेकॅनिक होते, फार शहाणा माणूस. ते गाडी गावाबाहेर बाभळीखाली लावायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, चालत जावा. गाडी दिसली की घरवाल्यांचं तोंड उतरतं." एका घरानं मला बँकेतली मॅडम म्हणून शेजाऱ्यांना सांगितलं. दुसऱ्यांनी विम्याची. वडवणीच्या एका म्हातारीनं तर कमाल केली. तिच्या नवऱ्याला दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. ते औषध कडक नियमातलं, त्यामुळे दर फेरीला गोळ्या मोजायच्या आणि रिकामी पाकिटं परत घ्यायची. एक गोळी कमी भरली. मी सुनेवर संशय घेतला, मग मुलावर. शेवटी म्हातारीच म्हणाली, "म्या कोंबड्याला घातली. म्हणलं आधी तो मरतो का बघू." कोंबडा दुपारभर डालग्याखाली पेंगला आणि संध्याकाळी उठून दाणे टिपायला लागला. मग कुठे नवऱ्याला गोळी मिळाली. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला त्या बाईचा आदर वाटला. तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

कारण संशय मलाही जडला होता. अकरा वर्षांत मी एकाही घराच्या सांगण्यावर पहिल्या दिवशी विश्वास ठेवला नाही. "आमी लई करतो हो त्यांचं," म्हणणाऱ्या घरात मी आधी रोग्याची पाठ उघडून बघायची. पाठ खोटं बोलत नाही. आणि रोग्याशी एकटीनं बोलायचं असलं की घरच्या बाईला सांगायची, "जरा पाणी तापवून आणा." गरम पाणी मला कधीच लागायचं नाही. पण चूल पेटून पाणी तापेपर्यंत दहा मिनिटं मिळायची, आणि माणसाला खरं बोलायला तेवढी पुष्कळ होतात.

भानुदासअण्णांशी मी असंच बोलले. नांदूरघाटाकडच्या एका वस्तीवर त्यांचं घर, जमीन बऱ्यापैकी, विहिरीला पाणी. घशाचा कॅन्सर झालेला, आवाज बसून नुसती कुजबुज उरलेली. थोरला दिगंबर आणि त्याची बायको कौसल्या त्यांच्याजवळ राहायचे. धाकटा महादेव चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता. पहिल्या दिवशी दिगंबर मला अंगणातच गाठून म्हणाला, "सिस्टर, अण्णाला काय बी सांगू नका. त्यांना म्हाईत न्हाई. गाठ हाय म्हणून सांगितलंय." मी मान हलवली. प्रत्येक घरात हेच सांगतात.

तिसऱ्या फेरीला अण्णांनी डोळ्यानंच कौसल्येकडे खूण केली. मी पाणी तापवायला सांगितलं. ती गेल्यावर अण्णा म्हणाले, "माय, पोरं म्हणत्यात गाठ हाय, उतरल. गाठ उतरायला तुमी हप्त्यातून दोनदा येता व्हय?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. ते म्हणाले, "मला ठावं हाय. पर पोरांना सांगू नका मला ठावं हाय म्हणून. त्यांना वाटतंय त्यांनी मला राखलंय. वाटू द्या." मी शब्द दिला.

आमच्याकडे एक कागद असायचा. शेवटी काय करावं आणि काय करू नये, हे रोग्याच्या तोंडून लिहून घ्यायचा. कोर्टात त्याची किंमत काय ते वकील जाणोत, पण घरात पुष्कळदा कामी यायचा. अण्णांनी सांगितलं ते मी लिहिलं आणि पेन पुढे केलं. त्यांनी मान हलवली.

"सही नगं. माझी सही दिगूबी करतो. ब्यांकेत इतकी वर्सं त्यानंच केलीय. अंगठा तेवढा माझा हाय."

पिशवीत शाईचं पॅड असायचंच. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. शेतात आयुष्य गेलेल्या माणसाचा अंगठा, भेगाच भेगा. स्पिरिटचा बोळा घेऊन पुसायला लागले तोच दिगंबरच्या चपला वाजल्या. मी कागद पर्समध्ये सारला आणि अंगठा पांघरुणात. तीस वर्षं लोकांच्या जखमा पुसणाऱ्या बाईनं एक अंगठा नीट पुसला नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

बाहेरच्या वाचकांना अंगठ्याचं महत्त्व सांगायला हवं. आमच्याकडे जमीनवाल्या घरात माणूस अंथरुणाला खिळला की पाहुणे आधी चेहरा बघतात आणि मग हळूच हाताकडे. बेशुद्ध माणसाचा अंगठा कागदावर उठवल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत, खऱ्या थोड्या आणि बाकीच्या रचलेल्या. अंत्यविधीच्या वेळी प्रेताला अंघोळ घालताना एखादा चुलता दोन्ही अंगठे उलटे करून बघतो, आणि कोणी त्याला वेडा म्हणत नाही.

दोन दिवसांनी मी गेले तर महादेव आला होता. कोणीतरी गावातून फोन केला होता की बापाचं काही खरं नाही. मी आत असतानाच तो मागच्या दारानं घरात शिरला, आणि त्याची पहिली नजर गेली ती कोपऱ्यातल्या कपाटाकडे. बाप बाहेर पडवीत बाजेवर, आणि हा कपाट बघतोय. मी मनात नोंद केली. असली नोंद करण्यात माझा हात कोणी धरत नसे.

पडवीत येऊन नेहमीप्रमाणे मी अण्णांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. लाल उजेड दिसला तसा महादेव पुढे आला.

"हे काय लावलंय? रेशन दुकानात असंच मशीन असतंय. अंगठा घेता व्हय तुमी?"

"अहो, ऑक्सिजन बघायचं यंत्र आहे हे."

"ते आमाला नका शिकवू. माणूस गुंगीत, अन् तुमी अंगठ्यावर मशीन लावता. दादा, कशाला लावतेत हे?"

दिगंबर चिडला. "तुला कावून सांगू? सा म्हयने झाले, आज आलास."

मी म्हटलं, भांडण वाढायच्या आत मिटवावं. यंत्र काढून आधी स्वतःच्या बोटाला लावलं, मग कौसल्येच्या, मग दिगंबरच्या, मग महादेवच्या. आकडे दाखवले. गफूरभाई पाणी प्यायला आले होते, त्यांनीही बोट पुढे केलं. त्यांचा आकडा सगळ्यांत जास्त आला तेव्हा कौसल्या हसली. महादेवही जरा निवळला. मला वाटलं, जिंकले. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. यंत्र कसं लावतात ते आपणच करून बघावं म्हणून महादेवनं पांघरुणातून अण्णांचा डावा हात बाहेर काढला.

भेगांतली निळी शाई सगळ्यांना दिसली.

"मग हे काय हाय?"

दिगंबरनं बायकोकडे बघितलं, बायकोनं माझ्याकडे. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघत सावकाश डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले. सांगू नको, असा त्याचा अर्थ.

"आमच्या फॉर्मवर घेतलाय," मी म्हणाले.

"कुठाय फॉर्म?"

"दवाखान्यात."

ही थाप. कागद माझ्या काखेतल्या पर्समध्ये होता. महादेवनं माझी पिशवी बाजेवर उलटी केली. पट्ट्या, बोळे, मलम, शाईचं पॅड. पॅड हातात धरून तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी परत येऊ नका. अन् ह्या गोळ्या बी घेऊन जा. ह्याच्यानंच त्यांना गुंगी येती, अन् गुंगीत अंगठा उठतो."

मी समजावलं की गोळी थांबली तर दुखणं उसळून येईल. पालथ्या घड्यावर पाणी. दवाखान्यात येऊन डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी फोन केला, महादेवनं कापला. मी एकच गोष्ट करू शकत होते, कागद दाखवायचा. ती मी केली नाही. वचन दिलं होतं हे खरं. पण त्याहून खरं कारण असं की मला खात्री होती, हा माणूस कागद फाडून टाकील. कपाटाकडे बघणारा मुलगा बापाच्या इच्छेला काय किंमत देणार? असं मी ठरवून टाकलं होतं. शिवाय मला रागही आला होता. माझी पिशवी उलटी केली होती त्यानं, माझी! मी गेले नाही. चार दिवस.

पाचव्या दिवशी सकाळी कौसल्येचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती. "ताई, लातूरला नेतेत. भाऊजींनी गाडी आणलीय. अण्णा लई तळमळतेत हो, दात आवळून पडलेत."

"दिगंबर काही बोलत नाहीत?"

"काय बोलतेल? म्हणलं नेऊ नको, तर भाऊजी म्हणतेल अंगठ्यापायी घरात डांबलं. म्हणून हेच म्हणले, ने बाबा."

गफूरभाईंनी त्या दिवशी बाभळीखाली गाडी लावली नाही. थेट अंगणात घातली. चौघांनी सतरंजीच्या चार कोपऱ्यांना धरून अण्णांना उचललं होतं. त्यांचा खालचा ओठ चावून चावून फुटला होता. मी पुष्कळ मरणं बघितलीत, पण तो ओठ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तो माझ्यामुळे फुटला, हे मी आज छापील अक्षरांत कबूल करते.

कौसल्या माझ्याजवळ आली. "ताई, पाणी तापवायला जाऊ का?" तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तर.

"नको. आज सगळ्यांनी इथंच थांबा."

मी अण्णांच्या तोंडाशी वाकले. "अण्णा, सांगू का?" त्यांनी डोळे उघडले, पण हो म्हणाले की नाही ते मला कळलं नाही. ते दुखण्याच्या इतक्या आत गेले होते की मी विचारलेलं त्यांच्यापर्यंत पोचलंच नसेल. मी वचन मोडलं ते त्यांच्या परवानगीशिवाय. पर्स उघडली आणि कागद महादेवच्या हातात दिला.

त्यानं आधी खालचा ठसा बघितला. मग वर जमिनीचा गट नंबर शोधला असावा, कारण त्याचं बोट ओळींवरून भराभर फिरलं आणि थांबलं. मग पहिल्यापासून वाचायला लागला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, माझी चोरी उघडी पडावी म्हणून.

"मला कॅन्सर आहे हे मला माहीत आहे. पोरांना वाटतं मला माहीत नाही. त्यांना तसंच वाटू द्यावं. मला लातूरला किंवा पुण्याला नेऊ नये. नळ्या घालू नयेत. बाज पडवीतच ठेवावी, तिथून रस्ता दिसतो. दुखलं तर औषध द्यावं. महादेवला..."

तिथं त्याचा आवाज थांबला. उरलेलं त्यानं मनात वाचलं. पण मी लिहिलेलं होतं, मला पाठ होतं. महादेवला लवकर बोलावू नये. त्याची नोकरी कंत्राटाची आहे, रजा घेतली की काढून टाकतात. दिगंबरला मी शपथ घातली आहे. अगदी शेवटी बोलवावं. तो रागावला तर त्याला हा कागद दाखवावा.

शेवटची ओळही मीच लिहिली होती. दाखवावा. चार दिवस ती ओळ माझ्या काखेत होती.

महादेवनं कागदाची घडी घातली. दिगंबरला म्हणाला, "शपथ घातलती का रे?" दिगंबर नुसता हुं म्हणाला. सतरंजी धरलेले चौघे तसेच उभे होते. महादेव त्यांच्यावर ओरडला, "अरे ठिवा ना खाली! पडवीत ठिवा! बाज कुठाय त्यांची?"

गोळी पाण्यात विरघळवून चमच्यानं दिली. मी शेजारी बसून राहिले. तासाभरानं आवळलेले दात सुटले. दर चार तासांनी औषध द्यायचं काम महादेवनं स्वतःकडे घेतलं, आणि प्रत्येक वेळी मला विचारायचा, "ही कशाची? ही कावून?" संशय गेला नव्हता त्याचा. पण आता तो माझ्या कामाचा होता. वेळ एकदाही चुकली नाही. बोलता बोलता त्यानं सांगितलं की पहिल्या दिवशी घरात शिरला तेव्हा तो घाबरला होता. अण्णांची बाज कायम कपाटाला लागून असायची. ती जागा रिकामी दिसली आणि त्याला वाटलं, उशीर झाला. माझी ती पक्की नोंद मी मुकाट्यानं खोडली.

अण्णा आणखी तीन दिवस होते. पोरांनी त्यांना कागदाबद्दल काही विचारलं नाही. पण महादेव त्यांच्या पायाशी बसून कंपनीतल्या गमती सांगायचा, रजा मिळालीय म्हणायचा. ती थाप होती, आणि अण्णांना ती कळत होती, असं मला वाटतं. चौथ्या दिवशी सकाळी, ऊन पडवीत आल्यावर, घरघर सुरू झाली. कौसल्येनं मी शिकवल्याप्रमाणे त्यांना कुशीवर वळवलं. कोणी गाडी बोलावली नाही. खाली घेतलं, तोंडात पाण्याचे दोन थेंब घातले, आणि ते गेले.

दुपारी पाहुणे जमले. अंघोळीच्या आधी मी स्पिरिटचा बोळा महादेवकडे दिला. म्हटलं, "अंगठ्याच्या भेगांत अजून थोडी शाई आहे. पुसून घ्या. लोक बघतील." त्यानं बोळा घेतला, हाताकडे बघितलं आणि बोळा मला परत दिला.

"ऱ्हाऊ द्या."

अंघोळ घालताना एका चुलत्यानं हात उलटा केलाच. पाणी ओतणाऱ्याचा हात थांबला. सगळं अंगण अंगठ्याकडे आणि मग दोघा भावांकडे बघायला लागलं.

"हे काय हाय बे?" चुलत्यानं विचारलं. "कुणी घेतला?"

दिगंबर तोंड उघडणार तेवढ्यात महादेव म्हणाला, "माझ्यासाठी दिलाय. वता पाणी."

धाकट्यानं मरत्या बापाचा अंगठा घेतला, आणि नर्सबाईनं तो मिळवून दिला, असं त्या गावात आजही बोलतात. मी पुढे तिकडे गेले तेव्हा लोक माझ्या पिशवीकडे बघायचे. दिगंबरला कोणी विचारलं तर तो सांगतो, "व्हय, त्यालाच दिलाय."